व्याह्यांची दुसरी बाजू

उभ्या आयुष्यात मला हताश करून सोडणारी माणसं पुष्कळ भेटली. जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्याला ती शोधत जावं लागत नाही. पण ती सगळी एका पारड्यात घातली आणि दुसऱ्यात नुसते आमचे व्याही बसवले, तरी व्याह्यांचंच पारडं खाली जाईल. विद्यार्थ्याला निदान बाकावर उभं करता येतं. व्याह्याला पाट मांडावा लागतो, चहा द्यावा लागतो, आणि तळपायाची आग मस्तकात गेली असतानासुद्धा "वा, व्याहीबुवा, वा!" म्हणावं लागतं.

व्याही दिवाणजी होते. रत्नागिरीच्या पेठेतल्या चार-पाच व्यापाऱ्यांच्या वह्या ते लिहीत. वहीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, एवढं मलाही कळतं. पण वही मिटली की बाजू मिटल्या, असं आपण समजतो. व्याह्यांच्या त्या कधी मिटतच नसत. कुठलीही गोष्ट एका बाजूने बोलून संपवणं त्या माणसाला जमायचंच नाही. बारा महिने काखेत छत्री असायची. विचारलं तर म्हणायचे, "चार महिने पावसाची बाजू, आठ महिने उन्हाची." मुलगी दाखवली तेव्हाची गोष्ट. सगळे बाप करतात तशी स्तुती त्यांनीही केली. स्वयंपाकात तरबेज, अक्षर वळणदार, गळा गोड. मग घोटभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "आता दुसरी बाजू. सकाळी हाक मारल्याशिवाय उठत नाही. उलट उत्तर देते. आणि पावसाळ्यात पायांना चिखल्या होतात." दाराआड मुलीच्या आईने कपाळावर हात मारला, तो मला बाहेर ऐकू आला. मी तिथल्या तिथे होकार दिला. ज्या बापाने चिखल्या लपवल्या नाहीत तो दुसरं काय लपवणार?

त्या होकाराची फळं पुढे मी भोगली. एकदा आमच्याकडे जेवून, फणसाच्या भाजीची तोंड भरून तारीफ करून व्याही निघाले. पाऊस मुसळधार. अर्ध्या वाटेवरून परत आले, ओटीवर छत्री निथळत उभे राहिले आणि आत तोंड करून म्हणाले, "विहीणबाई, मघाशी एकतर्फी बोललो हो. मीठ किंचित जास्त होतं." एवढं सांगून गेले. आमची ही दोन दिवस बोलली नाही, आणि तीही माझ्याशी! मी काय केलं होतं?

तर अशा ह्या माणसावर एक दिवस कायदा येऊन पडला. दुपारच्या वेळी व्याही वर्तमानपत्र घेऊन आले आणि एका मजकुरावर बोट ठेवून म्हणाले, "मास्तर, वाचा." कराच्या कायद्यात दुरुस्ती व्हायची होती. यापुढे कराच्या साहेबापुढे व्यापाऱ्यातर्फे उभं राहायचं ते वकिलाने, नाहीतर मुंबईची हिशेबाची परीक्षा पास झालेल्याने. दिवाणजीने वही लिहावी, पण तोंड उघडू नये.

आता हे किती लागलं असेल ते ऐका. दर साली कराचे साहेब रत्नागिरीस येत आणि कचेरीतल्या एका खोलीत मुक्काम ठोकत. त्या आठवड्यात व्याही दाढी करून, धुतलेला कोट घालून, रोज एका व्यापाऱ्याच्या शेजारी त्या खोलीत उभे राहत. पंचवीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. त्यांच्या जन्माचा सोहळा काय तो तेवढाच. मिरकरवाड्यातला सुक्या मासळीचा एक व्यापारी होता. वादळात होडी घालायला न घाबरणारा माणूस, पण कचेरीच्या पायरीवर त्याची बोबडी वळायची. तो म्हणायचा, "दिवाणजी जवळ असले म्हंजे माजा जीव जाग्यावर ऱ्हातो." त्याने आता कुणाकडे बघायचं?

म्हटलं, अर्ज करू. सरकारला कळू दे. पेठेतले सहा दिवाणजी माझ्या ओटीवर जमले. मराठी मसुदा व्याह्यांनी करायचा, इंग्रजी मी करायचं, असं ठरलं. व्याह्यांनी लांबलचक कागद घेतला आणि मधोमध रेघ मारली. मी तेव्हाच उठून तो कागद फाडायला हवा होता.

डावीकडे लिहिलं, 'व्यापाऱ्याच्या धंद्याची जितकी माहिती आम्हांस आहे, तितकी मुंबईच्या परीक्षावाल्यास असणे शक्य नाही.' झकास! उजवीकडे लिहिलं, 'परंतु आमच्यापैकी चौघांस इंग्रजी येत नाही, हे सरकारचे म्हणणे खरे आहे.' डावीकडे, 'वकिलाची फी लहान व्यापाऱ्यास झेपणार नाही.' उजवीकडे, 'परंतु वकिलास कायदा समजतो. आम्हांस तो पुष्कळदा समजत नाही.' मला वाटलं, बाकीचे पाच तरी ओरडतील. कसले ओरडतात! तेही दिवाणजीच. एक जण चष्मा पुसून म्हणाला, "तिसऱ्या कलमासमोर काही आलं नाही. तिथे सरकारचं जमा धरा काहीतरी." मग तिसऱ्यासमोर सरकारने दिवाणजींची पूर्वी खुर्चीवर बसवून विचारपूस केल्याबद्दल आभार आले. दिवेलागणीपर्यंत डावीकडे सात कलमं झाली, उजवीकडे सात झाली, आणि सहाही जण एका सुरात म्हणाले, "मेळ बसला!" पोटावर पाय आणणाऱ्या कायद्याविरुद्धचा अर्ज, आणि त्याची शिल्लक शून्य! एवढा आनंद झालेली तक्रारदार मंडळी मी जन्मात पाहिली नाही.

मी काय केलं ते सांगतो, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. इंग्रजी करताना फक्त डावी बाजू केली. सणसणीत केली. सह्या घेतल्या, आणि अर्ज दुसऱ्या दिवशीच्या बोटीने रवाना झाला.

पण दिवाणजी तो दिवाणजी. व्याही माझ्या इंग्रजीची नक्कल मागून घेऊन गेले आणि बोट ठेवून कलमं मोजली. इंग्रजी बेताचं असलं तरी सात आकडा कुठल्याही भाषेत कळतो. संध्याकाळी आले. बसले नाहीत.

"मास्तर, उजवी बाजू कुठे आहे?"

"नाही पाठवली."

"म्हणजे ही खोटी वही झाली. आणि माझी सही आहे हो खाली."

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. सोयरीक गेली खड्ड्यात, म्हटलं. "अहो, सरकारची बाजू सरकार मांडील! त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत! तुम्ही निदान एकदा, जन्मात एकदा, आपली तेवढी मांडा की!" आतून सून धावत आली. बाप आणि सासरा समोरासमोर बघून ती दारातच थबकली.

व्याही चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, "मास्तर, मी साहेबापुढे पंचवीस वर्षं उभा राहिलो तो कशावर? मला इंग्रजी नाही, कायदा नाही. साहेबाला एवढं ठाऊक असतं की हा म्हातारा आपलीही बाजू सांगेल. म्हणून तो व्यापाऱ्याची ऐकून घेतो. तेवढंच माझं भांडवल होतं, ते तुम्ही बोटीवर चढवलंत." छत्री उचलली आणि गेले. पुढे पोस्टमास्तरांकडून उजव्या बाजूचं भाषांतर करवून घेऊन तीही त्यांनी पाठवली. माझ्या अर्जाला उत्तर आलं नाही. त्यांच्या आभाराला दोन ओळींची पोच आली.

कायदा होता तसा पास झाला. पुढच्या साली साहेब आले. मासळीवाल्याने वकील केला आणि व्याही दाढी करून, धुतलेला कोट घालून व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. मीही शाळेतून रजा काढून गेलो होतो. वकिलाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. पावसात सगळी मासळी भिजली, सगळी कुजली, व्यापारी बुडाला! बराच वेळ हे चाललं. मग साहेब पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले आणि बाकाशी थांबले.

"काय दिवाणजी, बरे आहात? मासळी भिजली म्हणतात."

व्याही उठून उभे राहिले. "भिजली ती खरी, साहेब. मी डोळ्यांनी पाहिली. पण सगळी नव्हे. निम्मी वाचली, आणि ती विकली."

मी डोक्याला हात लावला. साहेब आत गेले, आणि निम्म्या मासळीची सूट देऊन मोकळे झाले. वकिलाच्या 'सगळी'वर त्यांनी काडीचाही विश्वास ठेवला नव्हता. मासळीवाला बाहेर आला तो सरळ व्याह्यांच्या पाया पडला.

घरी परतताना मी म्हटलं, "व्याहीबुवा, तुमचं खरं होतं. मी हरलो."

"हो," व्याही म्हणाले. "पण तुमचं इंग्रजी चांगलं होतं."

पुढल्या वर्षी त्या साहेबांची बदली झाली. नवे आले ते तरुण, कायद्याला धरून वागणारे. त्यांचं पाणी आत टेबलावर असे. त्यांची चूक काहीच नव्हती, हे मला मुद्दाम लिहिलं पाहिजे, कारण व्याह्यांनी तेच लिहिलं असतं. व्याही नेमाने जात, बाकावर बसत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेरीतून ते परस्पर आमच्याकडे आले. कोटाची घडी तशीच होती. सुनेने चहा आणून ठेवला. बराच वेळ तो तसाच राहिला.

"आज कोणी विचारलं नाही," ते म्हणाले.

मी थांबलो. सून दाराशी थांबली. आम्हाला दोघांनाही सवय होती, आता दुसरी बाजू येणार. चहावर साय धरली तरी ती आली नाही. पंधरा वर्षं ज्या बोलण्याने मी दात-ओठ खाल्ले, ते ऐकायला माझा जीव कासावीस झाला. शेवटी मलाच राहवेना.

"पण व्याहीबुवा," मी म्हटलं, "बाकावर सावली होती की नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

"होती," म्हणाले. "दुपारपर्यंत होती."

आणि चहाचा कप पुढे ओढला.