सासूबाईंच्या जागी

सोमवार, १४ जुलै २०२५. वायफाय लांबवणारा डबा नारायणगुड्याहून आणला. मागच्या खोलीत लावला, चालत नाही. केतकीचा फोन पुन्हा मध्येच तुटला.

एवढं लिहून कुसुमताईंनी वही मिटली. बरकतपुऱ्यातलं त्यांचं घर लांबट, जाड दगडी भिंतींचं. राउटर पुढे दिवाणखान्यात, त्यांची खोली पार मागे, आणि तिथे मोबाइलला रेंज नाही. गेल्या महिन्यात त्या न्हाणीघरात घसरल्या, ते पुण्यातल्या लेकीला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून केतकीने धोशाच लावला होता, "मागे फोन लागत नसेल तर सरळ पुण्याला ये." पुढे रस्त्याच्या गोंगाटात झोप येत नव्हती, आणि नवऱ्याच्या, एकनाथरावांच्या माघारी ती मागची खोली सोडवत नव्हती.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा हेमंत आला. डबा घेऊन खोलीभर फिरला.

"लाल दिवा जाईनाच, मावशी. वापस करू, हौ म्हणा."

"थांब रे. ह्याचं काम काय, ते तरी सांग."

"पुढचं ऐकायचं अन् मागे सांगायचं."

"मग इथे मागे बसून त्याला पुढचं ऐकू येतं का?"

हेमंतने डबा प्लगमधून उपटला.

कुसुमताईंना सासूबाई आठवल्या. एकनाथराव पुढे अशिलांशी बोलत बसायचे, स्वयंपाकघर मागे. त्यांची हाक भिंतींतच विरायची. मधल्या खोलीत वाती वळणाऱ्या सासूबाई ती मागे धाडायच्या, "कुसुम, दोन चहा सांगतोय गं! आणि माझा तिसरा!" पदरचं काही जोडल्याशिवाय निरोप कधी आलाच नाही. नव्या नवरीला त्याचा राग यायचा. पण त्या गेल्या आणि घर एकाएकी लांब झालं. चहा सांगायला एकनाथरावांना उठून यावं लागे.

"मधल्या खोलीत लाव," कुसुमताई म्हणाल्या. "सासूबाईंच्या जागी. इस्त्रीचा प्लग आहे तिथे."

दिवा हिरवा झाला. मागच्या खोलीत केतकीचा चेहरा जरासुद्धा न अडखळता दिसू लागला.

"आई, कुठून बोलतेयस?"

"माझ्या पलंगावरून."

"बरं. राहा तिथेच. पण रोज फोन उचलायचा हं."

"उचलते. तुझी आजी बसलीय मध्ये, ती बरी गप्प बसू देईल!"

जेवणं आटोपल्यावर त्यांनी सकाळच्या नोंदीखाली लिहिलं: डबा मधल्या खोलीत लावला. झाडताना कामवाल्या गंगूने बंद करू नये म्हणून बटणावर चिकटपट्टी लावली.