जावेने दाखवलेला भांडीबाजार

माझी धाकटी जाऊ दर रविवारी सकाळी लोकांना जुनं नाशिक दाखवते आणि माझ्या पोटात दुखतं. आडपडदा कशाला ठेवू? भांडीबाजार हे माझं माहेर. खाली वडिलांचं तांब्या-पितळेचं दुकान, वर आम्ही. आता ते दुकान धाकटा भाऊ चालवतो. जावेचे वडील नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. तिचं लहानपण क्वार्टर्समधल्या सरळसोट रस्त्यांवर गेलं. लग्न होऊन आली तेव्हा हिला एकटीला दहीपुलावर सोडलं असतं, तर घरी परत आली नसती. पहिल्या दिवाळीची खरेदी मीच तिला हात धरून करवली होती.

आणि आता लग्नकार्यात बायका तिला विचारतात, "अहो, समई कुठे चांगली मिळेल?" मी शेजारीच बसलेली असते. पितळेच्या दुकानात जन्मलेली!

परवाच्या रविवारी मी तिच्याबरोबर गेले. तिला वाटलं कौतुकाने आले. मी चुका काढायला गेले होते.

रविवार कारंजावर चांदीच्या गणपतीला नमस्कार करून वीसेक माणसं तिच्यामागे निघाली. एका चौकात ती थांबली आणि म्हणाली, "तुम्ही आत्ता एका हौदावर उभे आहात." लोक दचकून पायाखाली बघायला लागले. मग तिने रहाडी सांगितल्या. पेशवाईपासूनचे जमिनीखालचे हौद, वर्षभर बुजवलेले, वरून गाड्या जातात तरी कळत नाही. रंगपंचमीला माती उकरून उघडायचे, रंगाने भरायचे आणि आत उडी घ्यायची, तिला म्हणतात धप्पा. "मी गेल्या वर्षी मारला," ती हसत म्हणाली. "आठ दिवस कानातून रंग निघत होता."

मी मात्र कधी रहाडीच्या काठावरसुद्धा उभी राहिलेली नाही. बाजारातल्या मुलींनी बाजारात हिंडायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा होता. रंगपंचमीला भाऊ खाली ओलेचिंब, आम्ही बहिणी गच्चीवर कोरड्या. त्या चौकात उभी राहून मी माझ्याच गावाची गोष्ट नाशिक रोडच्या मुलीकडून ऐकत होते. आणि मेली सांगतेही छान. चूक एकही सापडली नाही, उलट दोन गोष्टी मलाच नव्याने कळल्या, त्याचा राग वेगळा.

सराफ बाजाराच्या तोंडाशी फुलं घेऊन बसलेल्या मावशींनी तिला लांबूनच हाक मारली. "आल्या का बाई? आज लय माणसं हायेत तुमच्यासंगं." तिच्या हातात शेवंतीची दोन फुलं ठेवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या पाहुण्या व्हय?"

मी पाहुणी!

शेवटी आमचं दुकान. रविवार असूनही भावाने तिच्यासाठी शटर वर करून स्टुलं मांडून ठेवली होती. माझ्यासाठी त्याने भाऊबीजेलासुद्धा कधी एवढी लगबग केलेली नाही. "या वहिनी," म्हणत त्याने पितळेचा तांब्या तिच्या हातात दिला. तिने बोटाने टिचकी मारली, आवाज विरेपर्यंत सगळ्यांना गप्प बसवलं आणि भांडं कसं पारखायचं ते सांगितलं. ही टिचकी मी शिकवलेली, माझ्याच ओट्याशी उभी राहून. हे अर्थात कोणाला माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "आणि या माझ्या मोठ्या जाऊबाई. हे त्यांचं माहेर." वीस चेहरे माझ्याकडे वळले. एक गृहस्थ म्हणाले, "मग तुमची एखादी आठवण सांगा ना!"

काय सांगणार? माझ्याकडे गच्चीच होती. तीच सांगितली. गोदावरीला पूर आला की पाणी बाजारात शिरायचं. कितीही भांडी माळ्यावर चढवली तरी काही राहायचीच, आणि पातेली तरंगत दुकानाबाहेर पडायची. वडील आणि चुलते कमरेइतक्या पाण्यात. त्यांना खालून काही दिसायचं नाही. आम्ही मुली गच्चीच्या कठड्यावरून ओरडायचो, "डावीकडे, डावीकडे! खांबाला अडकलंय!" त्या एका दिवशी अख्खा बाजार आमच्या हुकमावर चालायचा. माझा आवाज कधी चढला मला कळलंच नाही. लोक हलले नाहीत जागचे.

जावेचे डोळे चमकले. "ताई, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत! पुढच्या रविवारपासून सगळ्यांना गच्चीवरच नेऊ. तिथे उभं राहून तुम्ही सांगा."

मला गच्चीवर वीस जोड बूट दिसले. महिन्याभरात हा पूर तीच सांगेल आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगेल, हेही दिसलं.

"गच्चीचा जिना पडलाय," मी म्हणाले.

गल्ल्यावरून भावाने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. मग लोकांना म्हणाला, "हो, कधीचाच. वर नाय जात आता कोणी."

लोक हळहळले. जावेने सगळ्यांना मिसळीच्या दुकानापर्यंत नेऊन सोडलं आणि मला स्कूटरवर मागे घेतलं. घर जवळ आल्यावर, समोर बघतच म्हणाली, "ताई, दिवाळीत तुमच्या भावजयीबरोबर आकाशकंदील लावायला वर मीच गेले होते. जिना चांगला धडधाकट आहे."

मी वाऱ्याने उडणारा पदर खोचला.

"पण नको नेऊया कोणाला. तुमची गच्ची आहे ती."

टोमणा नव्हता त्यात, मी नीट कान देऊन ऐकलं. तिच्या जागी मी असते तर तिथेच, वीस माणसांसमोर, तिला खोटं पाडलं असतं. सकाळपासूनचा सगळा हेवा परवडला; तिच्या मोठ्या मनाचा हा हेवा परवडत नाही.