चार बोटांचा फरक

"उभ्यानं टायर कळत न्हाय. खाली बसा."

दुकानात गिऱ्हाईक आलं की टायरवाल्या मामांचं पहिलं वाक्य हे. तुम्ही कारखानदार असा नाहीतर वडापच्या जीपचे ड्रायव्हर, इस्त्रीची पँट गुडघ्यांवर ओढून चाकाजवळ उकिडवं बसावंच लागे. मामा तुमच्या आधी बसलेले असत, अंगठ्याचं नख टायरच्या नक्षीत रुतवून.

त्यांचं नाव मी सांगत नाही. अख्खी शाहूपुरी त्यांना मामा म्हणे, आणि कुणी नावाने हाक मारलीच तर ती दुसऱ्या कुणाला असेल असं समजून ते आपलं काम करत राहत. अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील. दाराशी टायरांची चळत, आत काळपट अंधार, आणि मालक विकण्यापेक्षा न विकण्यातच पटाईत. "हा तुमच्या गाडीला न्हाय," हे वाक्य मामा इतक्या आनंदाने म्हणत की त्यांचा धंदा चालतो कसा, याचं मला कोडं होतं.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती आप्पांच्या गाडीमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. तरुणपणी त्यांची फाउंड्री जरा बरी चालायला लागली तेव्हा त्यांनी गोव्याहून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली होती. लाल रंग, दोन दारं, दोनच सीटा. आई म्हणायची, "चौघांच्या घरात दोघांची गाडी आणणारा माणूस कोल्हापुरातच सापडायचा." छातीचं ऑपरेशन झाल्यावर आप्पांनी गाडी चालवणं सोडलं. गाडी शेडमध्ये उभी राहिली, टायरांना भेगा पडल्या. पण डॉक्टरांनी पुन्हा परवानगी दिली तेव्हा आप्पा एकच म्हणाले, "एकदा आंब्याच्या घाटात घेऊन जायची हाय."

वाढदिवसाला नवे टायर द्यायचे, असं मी ठरवलं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे टायरचं माप म्हणजे आपल्या हातचा मळ. दाराच्या आतल्या पत्र्यावर जुनं माप होतं, एकशेपासष्ट आणि तेरा. म्हणजे टायरची रुंदी आणि रिमचं माप. रुंदीच्या मानाने टायरची उंची किती, हे सांगणारा मधला आकडा मात्र नव्हता. माझ्या गाडीचा सत्तर आहे म्हणून मी इथेही सत्तर धरला, मोबाईलवर हिशेब केला आणि दोनशेपाच रुंदीचे ऐटबाज टायर शोधून काढले. घेर जवळपास जुळत होता. दिसायलाही गाडी झक्क दिसली असती.

मामांनी मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"गाडी चालवणार कोण?"

"टायरच्या मापाशी त्याचा काय संबंध?" मी म्हणाले.

"मग न्हाय बसवत," म्हणून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मला राग आला. एवढं शिकून आपण या माणसापुढे उकिडवं बसायचं आणि वर नकार ऐकायचा! मी टायर ऑनलाइन मागवले आणि नुसती चाकं नेऊन दुसरीकडून बसवून घेतले.

वाढदिवसाला आप्पा नवा शर्ट घालून गाडीत बसले. आमच्या फाटकातून बाहेर पडायचं तर जागच्या जागी पूर्ण वळण घ्यावं लागतं. आप्पांनी स्टेअरिंग ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. चाक अर्धं वळलं, पत्र्याला घासलं आणि थांबलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळ. आता न्हाय जमत. विकून टाक."

त्यानंतर ते गाडीविषयी बोलेनात. घरात हिंडायचे, पेपर वाचायचे, पण माणूस एका दिवसात म्हातारा झाला. चूक टायरची की वयाची, हे त्यांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं.

दहा वेळा मागेपुढे करत, घामाघूम होऊन मी गाडी फाटकातून काढली आणि मामांकडे गेले. त्यांनी सांगायच्या आतच खाली बसले.

'बघा, सांगितलं होतं,' असं ते म्हणाले नाहीत. डिकीतली स्टेपनी काढली. ती गाडीबरोबर आलेली, कधी न वापरलेली. तिच्याभोवती सुतळी गुंडाळून गाठ मारली, मग तीच सुतळी माझ्या नव्या टायरभोवती धरली. सुतळी चार बोटं उरली.

"जुन्या टायरवर मधला आकडा नसला की ब्याऐंशी धरायचा, ताई. सत्तर कुठनं आणलासा?"

माझी मान खाली गेली.

"आनि ही चार बोटं ऱ्हाऊ द्यात. स्पीडचा काटा जरा खोटं बोलंल, एवढंच. पण रुंदी? ह्या गाडीला पॉवर स्टेअरिंग न्हाय. एवढा रुंद टायर जाग्यावर वळवाय पैलवान लागतोय. आता तरी सांगा, चालवणार कोण?"

मी आप्पांबद्दल सगळं सांगितलं. ऑपरेशन, वाढदिवस, फाटक. मामा ऐकत राहिले, मग उठून फोनला लागले.

एकशेपासष्ट, ऐंशी, तेरा. ब्याऐंशीच्या सगळ्यात जवळचं माप. ते कुठेच सहज मिळेना. सांगलीत दोन सापडले, मामांनी कडेचे चार आकडे वाचून परत पाठवले. तो टायर बनल्याचा आठवडा आणि साल असतं, हे मला तेव्हा कळलं. "कोरा हाय, पण म्हातारा हाय," ते म्हणाले. तीन आठवड्यांनी मनासारखे चार मिळाले. ते घेऊन मामा स्वतःच आमच्या घरी आले, अंगणात बसवले, आणि आप्पांना गाडीत बसवून मगच हवा भरली.

"फिरवा आता."

आप्पांनी घाबरत घाबरत स्टेअरिंगला हात लावला. ते वळलं. पूर्ण वळलं. आप्पा लहान मुलासारखे हसले आणि मोठ्याने म्हणाले, "मामा, बसा!"

सीटा दोनच. मी, जिने एवढा खटाटोप केला, फाटकात उभी राहिले आणि दोन म्हातारे आंबा घाटाच्या दिशेने निघून गेले. मी खूप हसले त्या दिवशी.

पुढे दर रविवारी हाच क्रम. शाहूवाडीकडच्या रस्त्यावर एका ठरलेल्या टपरीवर चहा, मग घाट, मग घर. मामा वाटेत इतकं बोलत की आप्पांना म्हणे गिअर बदलायचं भान राहत नसे.

यंदा होळीच्या आधी मामा गेले. झोपेतच. दोन रविवार गाडी हलली नाही. तिसऱ्या रविवारी आप्पा गाडीत जाऊन नुसते बसून राहिले, तेव्हा मी न विचारता शेजारी जाऊन बसले. त्यांनी गाडी फाटकातून वळवली, टपरीशी आणून उभी केली.

टपरीवाल्याने दोन चहा पुढे केले आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "आज टायरवालं मामा आलं न्हाईत व्हय?"

आप्पांनी गाडीच्या टायरांकडे पाहिलं.

"त्यांनीच आणलंय की आमाला," ते म्हणाले. मग चहाचा ग्लास घेऊन ते चाकाजवळ जाऊन उकिडवे बसले, आणि त्यांच्या शेजारी मीही.