संध्याकाळचं तीन लिटर पाणी

माझी डावी किडनी खड्यांनी खाल्ली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. दोनदा खडे काढून झाले होते, तिसऱ्यानं किडनीच निकामी केली. बीडच्या डॉक्टरांनी ती काढून टाकली आणि घरी सोडताना नवऱ्याला समोर उभं करून दम दिला, "आता एकच राहिलीय. तिच्यात खडा अडकला तर बाई डायलिसिसवर जाईल. दिवसाला तीन लिटर पाणी, मीठ कमी, सहा महिन्यांनी सोनोग्राफी. कळलं का?" नवरा म्हणाला, "कळलं." मलाही कळलं होतं, असं मला वाटलं.

त्या वर्षी आम्ही ऊसतोडीला लांब गेलो नाही. दवाखाना जवळ असावा म्हणून आमच्या वडवणीजवळच, तेलगावच्या शिवारात टोळी धरली. उसाच्या फडात बाई दिवसा पाणी पीत नाही. प्यालं की जावं लागतं, आणि जायचं कुठं? सकाळी समोर उभा ऊस असतो, दुपारपर्यंत आपणच तो आडवा केलेला असतो. वर ऊस न्यायच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ड्रायव्हर. एखादी बाई बांधाकडं निघाली की हा हमखास उभा राहून शीळ घालायचा.

मग आम्ही युक्ती काढली. दिवसभर घोट-दोन घोट, आणि अंधार पडला की कोपीच्या, म्हणजे आमच्या झोपडीच्या, दारात बसून एकदम लिटरच्या तीन बाटल्या. नवरा समोर बसून एकेक पुढं सरकवायचा. "पी." मला उमासे यायचे. एकदा तिसरी बाटली मी लोटून दिली, तर त्यानं केस धरून माझी मान मागं ओढली आणि बाटली तोंडात कोंबली. माझा दात हलला. मी त्याच्या मनगटाला चावले. मग दोघंही रडलो, मी संतापानं आणि तो भीतीनं. पण रोज तीन लिटर पोटात जात होतं, यात खोटं नाही.

जानेवारीत एका दुपारी मोळी उचलताना कळ आली. ही कळ ज्याला आलेली नाही त्याला सांगून उपयोग नाही. मी पाचटावर लोळले, तोंडात माती गेली, उचलायला आलेल्या नवऱ्याच्या खांद्याचा लचका तोडला. बीडला पोचेपर्यंत लघवी बंद झाली होती.

डॉक्टरांनी नळी घालून किडनी वाचवली. दुसऱ्या दिवशी कागद टेबलावर आपटत विचारलं, "पाणी किती पीत होतीस?"

"तीन लिटर."

"कधी?"

"सांजच्याला. एकदम."

"अगं बाई, घाम गाळतेस दुपारी. लघवी घट्ट होते ती तेव्हा, खडा धरतो तो तेव्हा. संध्याकाळचं पाणी दुपारला कसं पोचेल? तासातासाला प्यायचं."

"साहेब, दिवसा गडीमाणसं असत्यात," नवरा म्हणाला.

"मग बायको नको असेल तर तसं सांग."

खडा काढला, नळी काढली, महिन्यानं मी फडात परतले. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर एक अख्खी बाटली रिकामी केली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तासाभरानं मी बांधाकडं निघाले तर ड्रायव्हर ट्रॉलीवर उभा.

"तोंड फिरव," मी म्हणाले.

"रान काय तुझ्या बापाचं हाय का?"

मी हातातला कोयता फेकला. नेम त्याच्यावरच धरला होता, उगाच कशाला साळसूदपणा करू. कोयता त्याच्या पायाजवळ पत्र्यावर आदळून खाली पडला.

नवरा धावत आला आणि त्यानं माझ्या मुस्कटात मारली. "खून करतीस का? लोकं काय म्हनतील?"

माझ्या दुसऱ्या हातात पुढच्या तासाला प्यायची, भरलेली बाटली होती. ती मी त्याच्या तोंडावर हाणली. त्याचा ओठ फाटला.

"सांजच्याला पीत न्हवते तर मारलंत," मी म्हणाले. "आता दिवसा पिते तर मारता. किडनी जाऊ द्यायची का लाज, ते एकदाच सांगा."

अख्खी टोळी हातातलं काम टाकून बघत होती. मला आता लघवी धरवत नव्हती. मी तिथंच, तोडलेल्या मोकळ्या रानात बसले.

नवऱ्यानं कोयता उचलला आणि माझ्याकडं पाठ करून, ट्रॉलीच्या आडवा येऊन उभा राहिला. हनुवटीवरून रक्त शर्टावर गळत होतं.

"तोंड फिरव बे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "न्हाईतर खाली उतर."

ड्रायव्हरनं तोंड फिरवलं. मागोमाग टोळीतल्या गड्यांनीही फिरवलं.

"सावकाश होऊ दे," नवरा मागं न बघता मला म्हणाला. मी उठले तेव्हा त्यानं पडलेली बाटली उचलली, तिच्यावरचं स्वतःचं रक्त बाहीनं पुसलं आणि बाटली माझ्या हातात दिली.