बर्फावरचा बांध

कॅनडाला निघायच्या दिवशी माझे वडील अण्णा पिशोर गावाहून शहरात पुंडलिकनगरला आमच्या घरी आले ते सरळ माझ्या बॅगांपाशी गेले. कुलपं ओढून पाहिली, ड्रायव्हरकडं संशयानं बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "तिकडं कुणी काय बी वाटून दिलं, तर आधी पावलं टाकून मोज. माणसाचा भरवसा नाय." धाकट्या काकानं नांगरता नांगरता शेताचा बांध दोन पावलं आत सारला, असं अण्णांचं म्हणणं. मी शाळेत होते तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद आहे.

आता इथं कॅनडात माझी सई आईस हॉकी खेळते. मला वाटलं, एवढं मोठं बर्फाचं मैदान, पोर मनसोक्त पळेल. कसलं काय! कोचबाईनं फोमचे लांब ठोकळे आडवे लावून मैदानाचे तुकडे केले आणि एकेकात चार-चार पोरं सोडली. सई आधी मधल्या तुकड्यात होती. दिवाळीनंतर तिला कोपऱ्यात सारलं. बाकीच्या आया कॉफी पीत गप्पा मारायच्या आणि मी काचेला नाक लावून बसायचे. आमचीच पोर बरी सापडली कोपऱ्याला! रंग बघून, आडनाव बघून, का मी गप्प बसते म्हणून?

एका शनिवारी सराव संपल्यावर मी बुटांसकट बर्फावर उतरले. सईचा तुकडा नऊ पावलं भरला. शेजारचा मोजताना बाराव्या पावलाला अशी आडवी झाले, की सगळे बघत राहिले. पण बारा झाली होती ना! सई रडत म्हणाली, "आई, पुढच्या वेळी तू गाडीतच बस." लई लागलं ते मला.

कोचबाईनं हात देऊन उठवलं. लहान तुकडा मुद्दामच दिलाय, म्हणाली. मोकळ्या बर्फावर पोरं नुसती पळतात. जागा आखडली की ती रबरी चकती सारखी काठीशी येते, मान वर ठेवावी लागते, झटकन वळावं लागतं. ज्याचे हात चपळ झाले, त्याला आणखी लहान तुकडा. मी मान हलवली, पण विश्वास कुठला ठेवते!

तीन शनिवार गाडीत काढले. मग एका संध्याकाळी ओटा आणि टेबलामधल्या चिंचोळ्या जागेत सईनं काठीनं टेनिसचा चेंडू माझ्या पायांमधून काढला. तीनदा काढला. मला एकदाही अडवता आला नाही.

"आता येऊ का आत?" मी विचारलं.

"ये. पण मोजायचं नाही."

अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. तर म्हणाले, "म्हंजी तुझ्या काकानं माझ्यावर उपकारच केले म्हण की!" मी खो-खो हसले, पण ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईनं सांगितलं, अण्णा सकाळीच बांधावर गेले होते आणि काकाही तिथं आला होता. बोलले का, असं मी अधीर होऊन विचारलं. "बोलत्यात कशाचं! दोघं बी पावलं मोजत व्हते."

घर कुठंय असं कुणी विचारलं, की मला आता ते दोन म्हातारे दिसतात, एकमेकांकडं न बघता मोजणारे. शनिवारी मी काचेआड गुपचूप बसते, सईला शब्द दिलाय. पाय मात्र खुर्चीखाली हलत असतात.