जिभेची साक्ष

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कारध्याच्या घाटावर नदीची पातळी दाखवणारी पट्टी वाचायचं काम माझं, आणि एक दिवस मी ती न वाचताच आकडा सांगितला.

तो ऐकणारे मामा तुम्ही पाहिले असतील. ढिवर माणूस, जन्म मासेमारीत गेला, डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळी वैनगंगेची ओंजळ तोंडात घोळवायची, पच्‌कन थुंकायची आणि निकाल द्यायचा, "वरल्या तुमसरकडची माती हाय. नवं पाणी आलं."

मग मला, "बाबू, पट्टी का म्हणते?"

दोघांचं जुळलं की खूष. "तुमची पट्टी शिकली हाय, माही जीभ पिकली हाय!"

मामांचा धाकटा भाऊ दूर गोदावरीच्या मुखाशी घरजावई. आपलं पाणी शेवटी तिथंच जातं. हल्ली पाऊस चार दिवसांत कोसळतो आणि मग दडी मारतो. नदी रोडावली की समुद्र आत शिरतो, भावाच्या कालव्याला खारं पाणी येतं. म्हणून इकडून गोडं पाणी निघालं का ते सांगायला मामांचा त्याला रोज फोन. "समुद्राले म्हणा, थांब जरा, आमच्या गोसी धरणवाल्यानं दारं लावली हायेत!"

त्या दिवशी माझ्या अंगणात धो धो पाऊस. घरी पाहुणे, कढईत वडे. घाटावर कोण उतरतो? मामा भिजत दारात आले.

"पट्टी का म्हणते?"

"चार बोटं वाढलं, मामा."

"माह्या जिभेले तं शिळंच लागलं."

"मग जीभ म्हातारी झाली."

ते खळखळून हसले. "दात गेले, आता हे बी चालली!" वडा खाल्ला आणि भावाला फोन लावला, गोडं पाणी निघालं म्हणून.

पूर्वी पाऊस कारध्यात पडला की वर तुमसरलाही पडायचा आणि नदी फुगायची. आता एक गाव ओलं, शेजारचं कोरडं. नदी वाढलीच नव्हती. भावानं पाणी पोचायचे दिवस हिशेबानं मोजून कालव्याचं पाणी धानाच्या पऱ्ह्यांत, कोवळ्या रोपांत घेतलं. ते खारं निघालं. पऱ्हे जळाले.

मामांनी माझं बोलणं खरं धरलं होतं. वडा खाल्ला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच त्यांनी ओंजळ भरणं सोडलं होतं.

आता ते भावाकडेच असतात. फोन येतो, "बाबू, पट्टी का म्हणते?" मी आधी पायऱ्या उतरतो, मग सांगतो. परवा मी विचारलं, "तिथलं पाणी चाखता का?"

"नाही बा. म्हाताऱ्या जिभेचा भरवसा कायले धराचा?" आणि तेच खळखळून हसणं.

मामा, तुमची जीभ बरोबर होती, पट्टी मी पाहिलीच नव्हती. एवढं बोलणं मी त्यांना अजून देणं लागतो.