खाणीतली निशा आणि बोटांनी जमलेलं लग्न

वाल्मिक हळू आवाजात बोलला, तर सुरतेतली आमची लिंबायतची गल्ली डॉक्टर बोलावेल. पस्तीस वर्षं त्यानं कापडाचे लूम चालवले. तिथं बोलणं म्हणजे ओरडणंच. म्हणून झाकायची गोष्ट तो हातांनी बोलतो, कारखान्यात कारागीर करतात तशा खुणांनी. बायको शोभाबाईही त्यात तयार झाली. पोरीसमोर भांडायचं असलं की दोघांची नुसती बोटं चालतात.

ती पोरगी निशा. फिजिक्स शिकली आणि झारखंडात एका खाणीत, अर्धा किलोमीटर खाली, डार्क मॅटर शोधते. 'पोरगी खाणीत उतरते' म्हटल्यावर दोन स्थळं चहा अर्धा टाकून उठली. तिसरं पलसाण्याचं. मुलगा गणेश निशाला मनापासून आवडलेला, त्यामुळे वाल्मिकचा जीव टांगणीला. मध्यस्थ अर्थात मी. दुसऱ्याच्या घरात डोकवायचा याहून सभ्य मार्ग नाही.

पाहुणे वाल्मिकच्या घरी आले. मुलाच्या आईनं, सरलाबाईंनी, चहाची बशी खाली ठेवली. "काय शोधतेस गं?"

"डार्क मॅटर, काकू. विश्वात भरपूर आहे, पण दिसत नाही."

"मंग सापडनं का?"

"अजून नाही."

"किती वरीस झाले?"

"मला चार. जगाला चाळीसेक."

"आन पगार चालूच?"

वाल्मिकनं हळूच चिमटीनं ओठ शिवले आणि अंगठा स्वयंपाकघराकडे केला. म्हणजे, ह्या बाईंचं तोंड बंद कर, शिरा आण. शोभाबाईनं शिऱ्याच्या बश्या आणून मांडल्या आणि मनगट फिरवून उत्तर दिलं: हे मशीन बंद पडणारं नाही.

तेवढ्यात मुलाचे वडील, दगाआप्पा, यांनी हात वर केला आणि बोटांनी सावकाश सांगितलं: तीस वर्षं झाली, मलाही बटण सापडलं नाही.

वाल्मिकचा चेहरा पांढराफटक. पाहुणाही जुना लूमवाला निघाला! मी शिऱ्यात तोंड खुपसलं.

"पोरी," आप्पा तोंडानं बोलले, "एवढं खाली कशाला जावं लागतं?"

"आप्पा, वरून आकाशातल्या कणांचा सारखा मारा चालू असतो. त्या गोंगाटात डार्क मॅटरचा बारीकसा धक्का कळणार कसा? डोक्यावर एवढा खडक घेतला की गोंगाट बराच कमी होतो."

"म्हणजे एका लूमचा आवाज बिघडला की बाकीचे बंद करून कान लावायचा, तसं?"

"अगदी तसंच!"

"अवं सरला, ही तर लूम दुरुस्त करणारी मिस्त्री आहे!"

मग दोन्ही बाप समोरासमोर बसले आणि त्यांची बोटं सुसाट सुटली. सरलाबाई इकडे बघतात, तिकडे बघतात. "अरे, काय ठरलं ते मला कोणी सांगेल का?"

"साखरपुडा वीस तारखेला, काकू," निशा म्हणाली. "आणि शिरा फार गोड झालाय, असं आप्पा म्हणतायत."

वाल्मिकचे हात हवेतच थांबले. "तुला... तुला ह्या खुणा कळतात?" प्रथमच हळू बोलला बिचारा.

"पहिलीत होते तेव्हापासून, बाबा."

शोभाबाईनं पदर तोंडाला लावला तो पाहुणे जाईपर्यंत काढला नाही.